हायर सेल्फ नक्की कोण, आणि आतून आलेलं उत्तर त्याचं की मनाचं?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंनी बराच मोठा प्रश्न पाठवलाय, तो थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं सगळ्यांना लागेल. त्यांनी हायर सेल्फशी कनेक्ट होण्याचा एक ऑनलाइन कोर्स केला. त्यात सांगितलं गेलं की प्रत्येकाचं एक उच्च रूप वरच्या डायमेन्शनमध्ये असतं, ते आपल्याला सतत मेसेज देत असतं, घड्याळात सारखं अकरा-अकरा दिसणं ही त्याचीच खूण, आणि डोळे मिटून प्रश्न विचारला की पहिलं जे उत्तर येईल ते त्याचं. ताईंनी विचारलं, उत्तर आलं "नोकरी सोड". घरी सासूबाई, दांडिया बाजारात वाढलेल्या, रोज ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या, त्या म्हणाल्या अगं हा तर आपला आत्माराम, त्याच्यासाठी फी कशाला भरायची. आता ताईंना कळत नाहीये की ही दोन्ही एकच की वेगळी, आतला आवाज खरा की मनाचा हे ओळखायचं कसं, कोर्समध्ये म्हणतात तसं लोअर सेल्फला, म्हणजे आपल्यातल्या खालच्या, अहंकाराच्या भागाला, संपवायचं का, आणि शेवटी, नोकरीचं काय करायचं.

ताई, आधी सरळ उत्तर देते आणि मग सविस्तर बोलते. सासूबाईंचं बरोबर आहे, तुम्ही ज्याला हायर सेल्फ म्हणताय तो आपल्याकडचा आत्माच. पण कोर्सवाल्यांनी त्याला निरोप पाठवायचं जे काम लावून दिलंय ते मात्र त्याचं नाही. तो बघणारा आहे. डोळे मिटून ऐकायला बसल्यावर जे ऐकू येतं ते जवळजवळ नेहमी मनच असतं, आणि मन बोलतंय हे ज्याला कळतंय ना, तुम्ही शोधताय तो हा. मी स्वतः खूप वर्षं ध्यानाला बसतेय, शनिवारी आमच्याकडे काही जण गीता वाचायला येतात, त्यांच्याशी बोलून बोलून माझं एक मत पक्कं झालंय की माणसं ऐकण्याच्या नादात बघणं सोडून देतात आणि सगळी गडबड तिथेच सुरू होते.

ही कल्पना इंग्रजीत आली कुठून तेवढं पटकन सांगते, कारण तुमच्या कोर्समध्ये हे काहीतरी नवीन आणि परदेशी म्हणून सांगितलेलं दिसतंय. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी ही अध्यात्माचा अभ्यास करणारी संस्था निघाली, तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईला आले आणि पुढे मद्रासजवळ अड्यारला त्यांचं मुख्य ठाणं झालं. आत्मा, बुद्धी, मनस ही आपलीच मांडणी घेऊन ते इंग्रजीत बोलत होते. ब्लाव्हाट्स्कीबाईंनी तर १८८९ मध्ये स्वतः लिहून ठेवलंय की हायर सेल्फ हे नाव फक्त आत्म्याला द्यायचं, त्या एकाच विश्वात्म्याच्या किरणाला, माणसाच्या वरच्या मनाला ते लावायचं नाही. म्हणजे माझा हायर सेल्फ निराळा, तुमचा निराळा, असं त्यांनाही म्हणायचं नव्हतं. तो खासगी सल्लागार झाला तो नंतर, विसाव्या शतकात, आणि आता तर रील्समध्ये तो तुमच्या मनातल्या सगळ्या इच्छा पूर्ण करायला बसलेला असतो. याच्यावर मी जास्त बोलत नाही, आपल्याला कामाचं आहे ते पुढे आहे.

मुंडक उपनिषदात दोन पक्षी आहेत ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं, द्वा सुपर्णा सयुजा सखाया. एकाच झाडावर दोघं, जिवलग मित्र, एक फळ खातोय, दुसरा न खाता नुसता बघतोय. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचा मंत्र मात्र फारसं कुणी सांगत नाही आणि मला तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. खाणारा पक्षी हतबल होऊन शोक करत बसलाय, आणि ज्या क्षणी त्याचं लक्ष त्या दुसऱ्याकडे जातं त्या क्षणी त्याचा शोक जातो. बस. दुसरा पक्षी काही बोलत नाही, हे फळ खा ते खाऊ नको असं सांगत नाही, फांदी बदल म्हणून सुचवत नाही. पहिल्यानं नुसतं वर बघितलं एवढंच घडलंय. आता तुमचा कोर्स आठवा, तिथे सगळा भर दुसऱ्या पक्ष्याला बोलतं करण्यावर आहे, आणि बोलायला लावलं की बोलतो तो पहिलाच पक्षी, फक्त थोडा आवाज बदलून.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक अगदी हाताशी असलेली गोष्ट सांगते. सकाळी जपाला बसलात, माळ हातात, तोंडानं नाम चालू, मणी पुढे सरकतायत आणि मन गेलंय दुधाच्या हिशेबात, तिथून मुलाच्या ट्यूशनमध्ये, तिथून परवा नणंद काय बोलली त्याच्यात, आणि माळ अर्ध्याच्या वर कधी गेली पत्ता नाही. मग एकदम लक्षात येतं, अरे, मी कुठे होते. हे लक्षात येणं जे आहे ना ताई, ते कुणी आणलं? तुम्ही तर ठरवलं नव्हतं. ठरवणारं मन त्या वेळी दुधाच्या हिशेबात होतं. तरीसुद्धा कुणीतरी सगळं बघत होतं, मन गेलेलंही त्यानं बघितलं आणि परत आलेलंही, म्हणून तर तुम्हाला आता सांगता येतंय की आधी दूध मग ट्यूशन मग नणंद. आणि आपण काय करतो, त्याच सेकंदाला स्वतःवर चिडतो, माझं मनच लागत नाही, मला जमतच नाही, आणि पुन्हा मनात जाऊन बसतो. तो एक सेकंद चिडण्यात घालवायचा नाही. तिथे थोडं थांबायचं. रोज माळ ओढणाऱ्या कितीतरी बायकांना मी हे सांगितलं तर त्यांना आश्चर्य वाटतं, कारण त्या तो क्षण नापास झाल्याचा समजत होत्या आणि खरं तर सबंध माळेत तोच सगळ्यात जवळचा क्षण होता.

पण नुसता साक्षी म्हटलं की दुसरी चूक होते. आमच्या वाचनाला एक गृहस्थ यायचे, बँकेतून रिटायर झालेले, अभ्यास भरपूर, घरात बायको आजारी, सुनेची धावपळ चाललेली, आणि हे म्हणायचे मी फक्त साक्षी, देह आपला भोग भोगतो. त्यांना वाटायचं ही मोठी स्थिती आहे. मला ते बघून फार वाईट वाटायचं, कारण हा साक्षी नव्हेच, हे अंग काढून घेणं झालं, त्याला वेदान्ताची भाषा चिकटवली एवढंच. गीतेच्या तेराव्या अध्यायात त्या पुरुषाला, म्हणजे आतल्या आत्म्याला, लावलेली विशेषणं बघा, उपद्रष्टा, अनुमन्ता, भर्ता, भोक्ता, महेश्वर. उपद्रष्टा म्हणजे जवळ बसून बघणारा, हे फक्त पहिलं. अनुमन्ता म्हणजे अनुमती देणारा, भर्ता म्हणजे सांभाळणारा. आपल्या जुन्या बडोद्याच्या घरांमध्ये ओसरीवर हिंचका असायचा आणि त्याच्यावर आजी बसलेली असायची, ती स्वयंपाकघरात लुडबुड करायची नाही, पोरांच्या भांडणात पडायची नाही, पण तिला घरातलं सगळं माहीत असायचं आणि तिच्या मनात नसलेली गोष्ट त्या घरात फार दिवस चालायचीही नाही. साक्षी तसा असतो. कोरडा नाही.

अनुमन्ता हा भाग जरा नीट समजून घ्या, कारण रोजच्या जगण्यात बदल इथून होतो. रात्री साडेआठला ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडला, सगळ्यांसमोर तुमचंच नाव घेऊन, हे अजून का झालं नाही. लगेच जबडा आवळतो, पोटात गोळा येतो, कानशिलं गरम होतात, आणि अंगठा उत्तर टाइप करायला लागलेला असतो. जबडा आवळणं तुमच्या हातात नाही, ते झालंच. अंगठा चालायला लागणं मात्र तुमच्या संमतीशिवाय होत नाही, फक्त संमती इतक्या झटकन दिली जाते की दिलीय हेच कळत नाही. बघण्याचा सराव झाला की या दोघांच्या मध्ये थोडी जागा सापडायला लागते. राग आहे, दिसतोय, पण त्याला होकार दिलेला नाही. राग दाबलाही नाही आणि मोकळाही सोडला नाही. मग उत्तर द्यायचंच असेल तर देता येतं, आणि ते वेगळ्याच प्रकारचं असतं. श्री अरविंदांनी या अनुमतीवर खूप भर दिलाय, प्रकृती तिचं काम करत राहते पण पुरुषानं संमती काढून घेतली की जुन्या सवयी हळूहळू ढिल्या पडतात, पहिल्या दिवशी नाही, हळूहळू.

अरविंदांचं नाव निघालंच आहे तर बडोद्यातलीच गोष्ट सांगते, कारण आवाज आणि शांतता यांचा क्रम कसा असतो ते त्यातून फार स्वच्छ कळतं. १८९३ ते १९०६ ते इथे गायकवाड सरकारच्या नोकरीत होते, मराठी गुजराती दोन्ही इथे शिकले, दांडिया बाजारातलं अरविंद निवास आपल्या सगळ्यांच्या रोजच्या रस्त्यावर आहे आणि आपण तिथून स्कूटर काढून निघून जातो. नोकरी सोडून ते बंगालला गेले, राजकारणात पडले, आणि सुरतचं काँग्रेसचं अधिवेशन मोडल्यावर जानेवारी १९०८ मध्ये परत इथे आले. तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं, बारीन्द्रनं, तार करून विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याला ग्वाल्हेरहून बोलावून घेतलं. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघं बसले. लेल्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं, शांत बसा, नीट बघा, विचार बाहेरून आत येताना दिसतील, ते आत शिरायच्या आधीच परत फेका. अरविंदांनी आधी कधी ऐकलंही नव्हतं की विचार बाहेरून येतात, पण त्यांनी वाद घातला नाही, बसले आणि केलं. तीन दिवसात मन पूर्ण थांबलं. ते पुढे म्हणत की खरं तर एका दिवसातच. आणि जे झालं ते लेल्यांना अपेक्षित होतं तेही नव्हतं आणि अरविंदांना हवं होतं तेही नव्हतं, अरविंद तर देशाच्या कामासाठी शक्ती मिळावी म्हणून योगाकडे वळले होते.

आता तुम्ही म्हणाल, पण त्यांना आतून आदेश आले होते ना. आले होते. १९१० मध्ये चंद्रनगरला जा असा आदेश आला आणि ते लगेच निघाले, तिथून पाँडिचेरी. मी आतल्या मार्गदर्शनाला खोटं म्हणतच नाहीये, माझं सगळं आयुष्य त्याच्यावर उभं आहे. पण क्रम बघा ताई. आधी १९०८ ची ती शांतता, मग अलीपूर बॉम्ब खटल्यात तुरुंगात काढलेलं वर्ष, मग आदेश. गजबजलेल्या मनाला प्रश्न विचारून पहिलं उत्तर पकडलं असं काही तिथे नव्हतं. ज्या मनात अजून बॉसचा राग आहे, ईएमआयची भीती आहे आणि सुट्टी हवीय ही इच्छा आहे त्या मनाला विचारलं "नोकरी सोडू का" तर पहिलं उत्तर यातल्याच कुणाचं तरी येणार. तुकोबांनी म्हणून ठेवलंय, होय मनासी संवाद, आपुलाचि वाद आपणांसी. त्यांनी तो संवाद वाईट ठरवला नाही, पण तो कुणाचा कुणाशी चाललाय याबद्दल त्यांचा गोंधळ नव्हता.

आणि नंतर शिष्यांना लिहिलेल्या पत्रात अरविंदांनी एका मधल्या प्रदेशाचा इशारा फार कळकळीनं दिलाय. थोडी साधना झाली, मनाच्या भिंती पातळ झाल्या की माणूस आधी त्या मधल्या जागेत येतो, तिथे आवाज येतात, प्रकाश दिसतात, योगायोग जुळायला लागतात, आपल्याला काही खास कामासाठी निवडलंय असं वाटायला लागतं, आणि तिथले आवाज स्वतःला देवाचे म्हणवतात. चांगले चांगले साधक तिथे अडकलेत. अकरा-अकराचं तर सोपं आहे, दिवसातून बारा वेळा घड्याळ बघतो आणि एकदाच लक्षात ठेवतो, ते सोडून द्या. पण "तू खास आहेस, घरच्यांना कळत नाही, तुझी लेव्हल वेगळी" असं आतून यायला लागलं तर तिथे फार सावध व्हा, मग तो आवाज कितीही गोड असो. कुणाला खरोखर कानांनी आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, तर आधी मानसोपचार डॉक्टरांकडे जायचं, साधना नंतर. यात कमीपणा काही नाही आणि उशीर केला तर नुकसान मोठं होतं.

मग खरं मार्गदर्शन येतं तरी कसं? माझा अनुभव आणि ज्यांना मी मानते त्यांचंही सांगणं असं की ते शब्दात फार कमी येतं. अरविंद आत्म्याबरोबर आणखी एकाबद्दल बोलतात, चैत्य पुरुष, हृदयाच्या मागे असलेला, जो जन्मोजन्मी वाढत जातो. आत्मा वर आहे, न बदलणारा, सगळ्यांमध्ये एकच. हा मात्र तुमच्याबरोबर प्रवास करतोय, शिकतोय. कठोपनिषदात अंगठ्याएवढा पुरुष आहे ना, धूर नसलेल्या ज्योतीसारखा, तोच हा असं ते म्हणतात. कोर्समध्ये या दोघांची सरमिसळ करून एकच हायर सेल्फ केलाय असं मला वाटतं. साक्षीत स्थिर व्हायचं ते आत्म्याकडे जाणं, आणि हे कर हे नको असं जे आत हलकेच जाणवतं ते या हृदयातल्याकडून. हलकेच म्हणजे अगदी हलकेच. बोलता बोलता कुणाची तरी चुगली ओठावर आली आणि आत कुठेतरी किंचित टोचलं, एवढंच. तो कारण देत नाही, वाद घालत नाही, तुम्ही ऐकलं नाहीत तर आरडाओरडा करत नाही. आणि सारखं दुर्लक्ष केलं तर टोचणंही जाणवेनासं होतं, ही त्यातली काळजीची गोष्ट.

ओळखायचं कसं असं तुम्ही विचारलंय, तर मी लोकांना काय तपासायला सांगते ते सांगते. मन जेव्हा आत्म्याचं सोंग घेतं तेव्हा ते घाई करतं, आजच, आत्ताच, नाहीतर संधी जाईल. ते बाजूनं किंवा विरुद्ध भरपूर कारणं देतं. त्याच्यात तुम्ही बरोबर असता आणि दुसरं कुणीतरी चूक असतं, ही खूण तर जवळजवळ कधी चुकत नाही. नाहीतर ते घाबरवतं. उलट खरं असतं ते दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, मूड चांगला असताना आणि मूड वाईट असतानाही तेच राहतं, त्याला कुणाला पटवून द्यायची गरज वाटत नाही. आणि त्यानंतर घरातली माणसं तुम्हाला जास्त जवळची वाटतात, कमी नाही. कठोपनिषदातला यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय सांगतो, चांगलं आणि आवडतं, दोन्ही माणसासमोर येतात आणि शहाणा त्यातून निवडतो. पण इथेही एक अडचण आहे, आपल्या मराठी घरांमध्ये जे कष्टाचं तेच श्रेय असं उगीच धरून बसायची सवय आहे, विशेषतः बायकांना. आवडतं ते दर वेळी चुकीचंच असतं असं यम म्हणत नाहीये. तो फक्त दोन्ही नीट निरखून बघायला सांगतोय.

नारेश्वरला जाऊन आला असालच. दत्तभक्त संत रंगावधूत महाराज तिथे नर्मदाकाठी राहिले, गोध्र्यात मराठी घरात जन्मलेले, आणि त्यांनी लोकांना दिलं काय तर परस्परदेवो भव, आणि श्वासे श्वासे दत्तनाम स्मरात्मन्. मला हे दोन्ही एकत्र फार मोलाचं वाटतं. एकीकडे स्वतःलाच हाक मारून म्हणायचं की बाबा रे, आठवण ठेव, प्रत्येक श्वासाला ठेव, आणि दुसरीकडे समोरच्यात देव बघ. जो हायर सेल्फ तुमच्यात आहे तोच तुमच्या बॉसमध्ये आहे, सासूबाईंमध्ये आहे, भाजीवाल्या काकांमध्ये आहे. हे जर मान्य नसेल तर आपण आत्म्याबद्दल बोलतच नाही आहोत, आपण स्वतःच्याच एका जास्त स्मार्ट, जास्त यशस्वी आवृत्तीबद्दल बोलतोय.

लोअर सेल्फला मारायचं का? नाही हो. मारणार कोण? मारायला उठतो तोही अहंकारच, फक्त भगवे कपडे घालून. गीतेचा सहावा अध्याय उघडा, उद्धरेदात्मनात्मानं नात्मानमवसादयेत्, स्वतःनं स्वतःला वर काढावं, खचवू नये, आपणच आपले मित्र आणि आपणच आपले शत्रू. खचवू नये हे तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि लहानपणी शाळेत म्हटलेले मनाचे श्लोक आठवा, समर्थ त्याला पहिलीच हाक काय मारतात, मना सज्जना. मनाला सज्जन म्हणून सुरुवात केलीय, मग सगळे श्लोक त्याला समजावलंय, कधी प्रेमानं कधी धाक घालून. बोलणारा कुठे उभा आहे ते बघा. कोर्समध्ये तुम्ही खाली बसून वरून काही येतंय का त्याची वाट बघता. समर्थ तुम्हाला वरच्याच जागी उभं करतात आणि म्हणतात आता मनाशी बोल. मला ही पद्धत फार आवडते आणि ती करायला सोपीही आहे, गाडीत, स्वयंपाकात, कुठेही. "मना, तू घाबरलायस, कळलं मला, बस जरा इथे." एवढं म्हटलं की म्हणणारा आणि घाबरलेला वेगळे होतात.

रोज काय करायचं ते सांगते, फार नाही. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, उठल्यावर मोबाइल हातात घ्यायच्या आधी. पाठ ताठ पण ताण नको, खुर्चीत बसलात तरी चालेल, गुडघे दुखतात त्यांनी मांडीचा हट्ट धरू नये. थोडं नाम घ्या, जे घरात चालत आलंय तेच, मग नाम हळूहळू थांबवून नुसतं बघा. विचार आला, दिसला. परत फेकायचं लेल्यांचं तंत्र सगळ्यांना जमत नाही, काही जण विचारांशी कुस्ती करत बसतात आणि डोकं दुखून उठतात, म्हणून मी सुरुवातीला नुसतं "हा आला" एवढं ओळखायला सांगते. वाहून गेलात तर लक्षात येईल तेव्हा परत, आणि तो लक्षात येण्याचा क्षण चाखा, मघाशी सांगितलं तसा. प्रश्न विचारायचे नाहीत. काही महिने तरी नाही. मुळात उत्तर मागायला बसलेलं मन शांत होऊच शकत नाही, ते सारखं दाराकडे कान लावून असतं. दिवसभरात मग एखाद-दुसऱ्या वेळी, सिग्नलला थांबलात, लिफ्टची वाट बघताय, तेव्हा स्वतःकडे एकदा बघायचं, आत काय चाललंय. रात्री झोपताना कुठे संमती दिली कुठे नाही ते मनातल्या मनात आठवायचं, स्वतःला न रागावता.

डायरी ठेवणार असाल तर एक काम करा, आतून काही जाणवलं तर ते तारीख घालून लिहा आणि त्याच्यावर लगेच काही करू नका, कुणाचं नुकसान होत असेल किंवा तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी. दोन-तीन महिन्यांनी ते वाचा. कशात भीती होती, कशात राग होता, आणि कुठलं अजूनही तसंच शांत उभं आहे, हे तुमचं तुम्हालाच दिसेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

आता नोकरी. मला तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दिसली, तुम्ही लिहिलंय की "सोड" हे उत्तर आलं त्या आठवड्यात अप्रेझल झालं होतं आणि बढती दुसऱ्याला मिळाली. हे तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मला वाटतं सगळ्यात आधी त्याच्याकडे बघायला हवं. वाईट वाटलंय तुम्हाला, आणि वाटणारच, त्याला हायर सेल्फचा आदेश म्हणायची गरज नाही. कदाचित नोकरी खरंच बदलायला हवी असेल, तसं असेल तर तो साधा व्यवहारातला निर्णय आहे, त्यासाठी शांत डोक्यानं दुसरीकडे अर्ज करा, घरखर्चाचा हिशेब मांडा, नवऱ्याशी बोला. आत्मा काही राजीनाम्याच्या तारखेवर अवलंबून नाही. हातात दुसरं काही येईपर्यंत ही सोडू नका असं मी स्पष्ट सांगते. आणि कोर्सची दुसरी लेव्हल सध्या घेऊ नका, ते पैसे राहू देत. सासूबाई रोज वाचतात म्हणता ना, त्यांच्या शेजारी दहा मिनिटं बसा, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घ्या, आणि जिथे अडेल तिथे त्यांनाच विचारा, त्यांच्याइतकं चांगलं सांगणारं माणूस घरात असताना बाहेर कशाला शोधायचं.